मुलाखत : पारख आणि पूर्वतयारी

स्पर्धा परीक्षांविषयी मराठीत आज जे विपुल लेखन होते त्यात मुलाखतीच्या वाट्याला बहुधा शेवटचे प्रकरण येते, आणि त्या प्रकरणातही पोशाखाचा रंग, खुर्चीत बसण्याची ढब, दारातून आत येताना उच्चारायचे शब्द अशाच गोष्टींना जागा मिळते. पूर्वपरीक्षेच्या आणि मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमावर कपाटे भरतील इतकी पुस्तके निघावीत आणि ज्या अर्ध्या तासात कित्येक वर्षांच्या श्रमांचा निकाल लागतो त्याबद्दल मात्र अभ्यासिकांतून कानोकानी आलेल्या ठोकताळ्यांवर विसंबून राहावे लागावे, ही स्थिती समाधानाची नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय म्हणजे हा अर्धा तास होय. त्यातील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी मुलाखत कशासाठी घेतली जाते, तिने माणसाची पारख कितपत होते आणि तयारी करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

मुलाखतीचे महत्त्व आधी आकड्यांतच पाहणे सोयीचे ठरते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०१३ पासून मुख्य लेखी परीक्षेला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत २०२४ पर्यंत हे प्रमाण ८०० आणि १०० असे होते व २०२५ पासून वर्णनात्मक पद्धती स्वीकारताना राज्यानेही केंद्राचाच आराखडा उचलला. एकूण २०२५ गुणांत मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. परंतु २०२३ च्या केंद्रीय परीक्षेत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला १०९९ आणि खुल्या गटातून निवडल्या गेलेल्या शेवटच्या उमेदवाराला ९५३ गुण होते, म्हणजे यशाचा सगळा पट अवघ्या १४६ गुणांत सामावला होता. मुलाखतीत कोणाला सव्वाशेच्या आसपास तर कोणाला दोनशेपर्यंत गुण मिळतात हे ध्यानात घेतले, की कोणाला कोणती सेवा मिळणार आणि कोणाचे नाव यादीबाहेर राहणार हे पुष्कळदा याच टप्प्यावर का ठरते ते उमगते. लेखी परीक्षेच्या एकेका प्रश्नपत्रिकेत दहा गुण वाढवण्यासाठी महिने खर्ची घालणारा विद्यार्थी मुलाखतीचा विचार मात्र लेखी निकाल लागेपर्यंत करीत नाही, हा आजच्या तयारीतील सर्वांत मोठा विसंगत भाग आहे.

तोंडी परीक्षेची ही कल्पना भारतात ब्रिटिशांबरोबर आली. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची खुली स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली तेव्हा तिचा सगळा भर ग्रंथज्ञानावर होता. लेखी कागदावर न उमटणारे गुण समोरासमोरच्या संभाषणात पाहिले जावेत हा विचार ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात, लेथ्स समितीच्या १९१७ च्या शिफारशींनंतर बळावला. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, चिंतामणराव देशमुख या परीक्षेत पहिले आले, आणि मराठी घरांत 'आयसीएस' या तीन अक्षरांना जे वलय लाभले त्याची मुळे पुष्कळ अंशी तेथे सापडतात. १९२२ पासून परीक्षा अलाहाबादलाही होऊ लागली, १९२६ मध्ये लोकसेवा आयोग स्थापन झाला आणि राज्यघटनेने १९५० मध्ये त्याला संघ लोकसेवा आयोगाचे रूप दिले. महाराष्ट्राचा आयोग राज्याच्या स्थापनेबरोबरच १९६० मध्ये अस्तित्वात आला. या प्रवासात परीक्षेचे विषय, माध्यमे, वयोमर्यादा सारे बदलत गेले, पण मंडळासमोर बसून उत्तरे देण्याचा टप्पा टिकून राहिला.

तो निर्वेध टिकला असे मात्र नाही. माणसाने माणसाला गुण द्यायचे म्हटले की वशिल्याची शंका पाठोपाठ येते, आणि भारतात ही शंका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांवरून निघालेल्या अजय हासिया खटल्यात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली गेली आणि तीत विचारलेले प्रश्न वडिलांविषयीचे व राहत्या ठिकाणाविषयीचे होते, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या निकालपत्रात अशा प्रवेशांसाठी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरेल असे म्हटले गेले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचनाही झाली. पुढे १९८५ मध्ये हरियाणाच्या लोकसेवा आयोगासंबंधीच्या अशोक कुमार यादव खटल्यात न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारांसाठीचे २२.२ टक्क्यांचे प्रमाण अवाजवी ठरवले, केंद्रीय आयोगाचे तेव्हाचे १२.२ टक्के हे प्रमाण आदर्श मानले, आणि आयोगाच्या सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्या सदस्याने त्याच्या मुलाखतीतून दूर राहावे असे बजावले. मधल्या काळात लीला धर खटल्यात मात्र न्यायसेवेसारख्या, प्रौढ व पदवीधर उमेदवारांच्या निवडीत २५ टक्के प्रमाणही मान्य झाले होते, कारण कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यापेक्षा घडलेल्या व्यक्तिमत्त्वाची पारख संभाषणातून अधिक चांगली होते, अशी त्यामागची भूमिका होती. कनिष्ठ पदांच्या बाबतीत सरकारने अखेर हा प्रश्नच निकालात काढला. केंद्राच्या 'क' गटातील आणि 'ब' गटाच्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या, आणि तो निर्णय योग्यच होता, कारण अशा भरतीत मुलाखतीने पारखीपेक्षा दलालीलाच अधिक वाव दिला होता.

मुलाखत काय मोजते याविषयी संघ लोकसेवा आयोगाची भूमिका त्याच्या परीक्षेच्या नियमांतच नोंदलेली असते, तरीही ती वाचलेले उमेदवार थोडे असतात. आयोग या टप्प्याला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. विशेष वा सामान्य ज्ञान लेखी परीक्षेत तपासले गेलेले असल्याने येथे ते पुन्हा तपासायचे नसते. उलटतपासणी करायची नसते, तर सहज पण हेतुपूर्वक वळवलेल्या संभाषणातून उमेदवाराची बौद्धिक जागरूकता, मुद्दा स्पष्ट व तर्कशुद्ध मांडण्याची हातोटी, तोललेला निर्णय, आवडीनिवडींची व्याप्ती आणि खोली, माणसे जोडण्याची व पुढाकार घेण्याची क्षमता आणि वैचारिक व नैतिक सचोटी पाहायची असते. मंडळाला उमेदवाराचे लेखी गुण कळवले जात नाहीत, ही तरतूदही त्याच हेतूने आहे. आदल्या रात्री चालू घडामोडींच्या मासिकांचे पारायण करणाऱ्याने ही यादी एकदा डोळ्यांखालून घातली, तर आपण ज्याची घोकंपट्टी करीत आहोत ते तीत कोठेच नाही हे त्याच्या लक्षात येईल.

हे गुण अर्ध्या तासात खरोखर मोजता येतात काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि मानसशास्त्राने त्याचा शतकभर पाठपुरावा केला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये असे दाखवले, की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देत असले तरी ते गुण एकमेकांशी संशयास्पद वाटावे इतके जुळतात. एका बाबतीत माणूस आवडला की बाकीच्या बाबतींतही तो उजळ दिसू लागतो. या दोषाला वलय परिणाम म्हणतात, आणि दारातून आत येण्याच्या ढंगाला उमेदवारांच्या गप्पांत जे अवास्तव महत्त्व आले आहे त्याच्या मुळाशी या दोषाची अंधुक जाणीव असावी. त्यावरचा उपाय म्हणून रचनाबद्ध मुलाखतीची पद्धत पुढे आली. तीत त्या पदासाठीच्या सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि प्रत्येक उत्तराला आधी ठरवलेल्या मापाने गुण देतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा ताळा मांडला तेव्हा नोकरीतील पुढील कामगिरीचा अंदाज बांधण्यात रचनाबद्ध मुलाखत मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा सरस ठरली, आणि पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीच आकडेमोड नव्याने केली तेव्हा निवडीच्या सर्व साधनांत तिचा क्रमांक सर्वांत वर लागला. आपल्या आयोगांची मुलाखत या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते. तिची कसोटी ठरलेली आहे, प्रश्न मात्र माणसागणिक बदलतात. त्यामुळे एकाच उमेदवाराचे दोन वर्षांतील गुण दूर पडले तर त्यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नसते आणि कमी गुण मिळाले म्हणजे व्यक्तिमत्त्वच उणे ठरले असेही होत नाही.

प्रश्न माणसागणिक बदलतात म्हणजे ते वाऱ्यावरून येतात असे नाही. त्यांचा उगम बहुतेक वेळा उमेदवाराने स्वतः भरलेल्या सविस्तर अर्जात असतो. परीक्षार्थी त्याला 'डीएएफ' म्हणतात. नाव, गाव, शिक्षण, छंद, नोकरीचा अनुभव, शिक्षणातील खंड आणि सेवांचा वा पदांचा पसंतीक्रम एवढा मजकूर मंडळापुढे असतो, आणि संभाषण त्यातील एखाद्या शब्दाला धरून सुरू होते. उदाहरणादाखल सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचा उमेदवार घेऊ. मंगळवेढा ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा पहिला प्रश्न ज्वारीवर येणे स्वाभाविक आहे, आणि 'आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे' एवढ्या उत्तरावर तो थांबणारही नाही. पाऊस बेताचा असताना तेथे रब्बीची ज्वारी कशी पिकते, तर काळीभोर खोल जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते म्हणून. मग असे असताना पाणी पोहोचलेल्या भागात शेतकरी उसाकडे का वळला, आणि तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांचा पाणीप्रश्न इतकी वर्षे निवडणुकीचा मुद्दा का बनून राहिला, असे हे संभाषण पुढे सरकते. त्याच गावाचे नाव दामाजीपंतांशीही जोडलेले आहे. बहामनी राजवटीतील दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे वरिष्ठांच्या परवानगीविना भुकेल्या रयतेला खुली केली अशी कथा घरोघरी सांगितली जाते, आणि मंडळातील एखादा सदस्य शांतपणे विचारू शकतो, की तुम्ही आज तहसीलदार असता तर गोदामाचे कुलूप काढले असते काय?

येथे उमेदवाराची खरी पारख होते. 'होय, काढले असते, जनता महत्त्वाची' हे उत्तर भाषणात शोभते. 'नाही, नियमात बसत नाही' हे उत्तर कारकुनी आहे. ज्याने प्रश्नाचा विचार केला आहे तो आधी हे सांगेल की दामाजीपंतांपुढे बेदरला निरोप पाठवून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता, आजच्या तहसीलदाराच्या हातात फोन आहे, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि त्यांच्याकडून तासाभरात आदेश मिळू शकतो. तो मिळण्याइतकाही अवधी नसेल तर धान्य वाटावे, प्रत्येक पोत्याची नोंद ठेवावी, पंचनामा करावा, वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवावे आणि होणाऱ्या चौकशीला तोंड देण्याची तयारी ठेवावी. या उत्तराशी मंडळातील प्रत्येक जण सहमत होईल असे नाही, आणि तशी गरजही नाही. करुणा, कायदा आणि जबाबदारी यांचा मेळ घालणारे मन त्यातून दिसते, आणि आयोग ज्याला तोललेला निर्णय म्हणतो तो हाच. असे उत्तर कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही, पण आपल्या गावाची कथा या नजरेने पुन्हा एकदा तपासण्याची सवय लावून घेता येते. पुस्तकाच्या पहिल्या चार प्रकरणांचा भर त्यावरच आहे.

छंदांच्या रकान्यात 'वाचन' आणि 'ट्रेकिंग' हे दोन शब्द इतक्या अर्जांत आढळतात की त्यांनी संशय यावा. गडकोट पाहण्याचा छंद लिहिणाऱ्याला युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत आहे हे ठाऊक असावेच लागते, पण राजधानी राजगडावरून रायगडावर का हलवली असावी याविषयी स्वतःचा काही अंदाजही असावा लागतो, आणि तो गडावर चढून उतरलेल्याचा आहे की पुस्तकातला आहे हे अनुभवी सदस्याला दुसऱ्या वाक्यातच कळते. जो छंद नाही तो लिहू नये. रकाना रिकामा राहिल्याने जेवढे नुकसान होते त्यापेक्षा खोट्याने भरल्याने पुष्कळ अधिक होते.

अर्जाइतकाच महत्त्वाचा आणि त्याहून दुर्लक्षित भाग म्हणजे ज्या पदाची मागणी केली आहे त्या पदाच्या कामाची माहिती. पसंतीक्रमात उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार अशी पदे ओळीने लिहिणाऱ्या पुष्कळांना तहसीलदार दिवसभर काय करतो हे सांगता येत नाही. बांधावरून जाणारा जुना शेतरस्ता एका भावाने काटेरी कुंपण घालून अडवला आणि दुसऱ्याची पेरणी खोळंबली, असा प्रसंग मंडळाने पुढे ठेवला तर 'दोघांना बोलावून समजूत घालीन' हे उत्तर सगळेच देतात. समजूत घालावीच, परंतु ती न पटल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते, तहसीलदार दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देतो, जागेवर जाऊन पाहणी करतो आणि अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतो. रस्ता पूर्वी नव्हताच आणि नव्याने हवा असेल तर मात्र महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३ लागू होते, हा भेद ज्याला ठाऊक आहे त्याचे उत्तर आपोआप वेगळे उभे राहते. ही माहिती मिळवण्यासाठी शिकवणी लागत नाही. तालुक्याच्या कचेरीत एक दिवस बाकावर बसले आणि आलेल्या अर्जांचे पुढे काय होते ते पाहिले, तरी पुरेसे होते.

याउलट अभिरूप मुलाखतींचा बाजार मात्र भरभराटीला आला आहे. अभिरूप मुलाखत, म्हणजे परीक्षार्थींच्या भाषेत 'मॉक', ही खऱ्या मुलाखतीची रंगीत तालीम असते. निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक मंडळाच्या जागी बसतात आणि शेवटी उमेदवाराला त्याच्या उणिवा सांगतात. पुण्याची यशदा किंवा मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय प्रशिक्षण संस्था यांसारख्या शासकीय संस्थांत अशी तालीम होते, आणि सदाशिव पेठ व नवी पेठ यांच्या परिसरातील खासगी वर्गांत तर तिच्या जाहिराती भिंतींवर मावत नाहीत. एक-दोन मॉक उपयोगी पडतात यात वाद नाही, कारण अनोळखी वडीलधाऱ्या माणसांसमोर अखंड अर्धा तास बोलण्याची सवय बहुतेकांना नसते आणि बोलताना हात थरथरतात, वाक्य अर्ध्यात तुटते, 'म्हणजे' हा शब्द पन्नासदा येतो, हे स्वतःचे स्वतःला कळत नाही. परंतु दहा-दहा मॉक देणाऱ्याच्या तोंडात हळूहळू दहा जणांची उत्तरे बसतात, आणि मग 'प्रशासनात का यायचे?' या प्रश्नावर कोल्हापूरचा, नांदेडचा आणि भंडाऱ्याचा उमेदवार 'समाजाचे ऋण फेडायचे आहे' हे एकच वाक्य एकाच चालीत म्हणतो. अभियांत्रिकी सोडून इकडे का वळलात, पदवीनंतरची तीन वर्षे काय केलेत, हे प्रश्न उमेदवाराला टोचतात हे खरे. पण नोकरीची शाश्वती हवी होती, घरची ओढाताण होती, दोन प्रयत्न फसले, हे जसेच्या तसे सांगणाऱ्याचे गुण कापले जातात ही समजूत निराधार आहे.

भाषेविषयीची धास्तीही अशीच फुगलेली आहे. राज्याच्या आयोगापुढे मराठीत बोलणे ही रूढ गोष्ट आहे, आणि केंद्रीय आयोगापुढेही भारतीय भाषेचे माध्यम निवडलेल्या उमेदवाराला दुभाष्याच्या साहाय्याने मराठीत उत्तरे देता येतात. इंग्रजी जेमतेम असताना केवळ दडपणाखाली ती निवडणारे उमेदवार आपल्या विचारांची धार स्वतःहून बोथट करतात. मराठी निवडणाऱ्याने मात्र ती गंभीरपणे निवडावी. 'वित्तीय तूट' आणि 'महसुली तूट' यांतला फरक मराठीत समजावून सांगता आला पाहिजे आणि दुभाष्याला पेलतील अशी आटोपशीर वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलण्यात वऱ्हाडी वा मराठवाडी हेल आला तर त्याची लाज बाळगण्याचे काहीही कारण नाही.

खासगी क्षेत्रातील मुलाखतीला पुस्तकाने एकच प्रकरण दिले आहे, आणि ते प्रमाण योग्य वाटते. तेथे कंपनीची निकड, पगाराची अपेक्षा, सध्याची नोकरी सोडण्याची मुदत हे मुद्दे उघडपणे बोलले जातात, तांत्रिक फेरी वेगळी असते आणि पडद्यावरून होणाऱ्या मुलाखतींचे तंत्रही निराळे असते. मात्र केलेल्या कामाचे एक नेमके उदाहरण, त्यातील आपला वाटा आणि निघालेला परिणाम सांगता येणे ही गरज तेथेही तशीच राहते.

एका बाबतीत पुस्तकाची भूमिका रूढ सल्ल्याच्या विरुद्ध जाते आणि ती येथे अधोरेखित करणे आवश्यक आहे. उत्तर येत नसेल तर काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी असे अनेक मार्गदर्शक सुचवतात. पुस्तक 'माहीत नाही' असे सरळ सांगायला शिकवते. आयोगाच्या यादीत सचोटीचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि ज्या अधिकाऱ्याला आपल्या अज्ञानाची कबुली देता येत नाही तो पुढे फायलीवर काय लिहील याचा अंदाज मंडळातील माणसे तेथल्या तेथे बांधतात. 'माहीत नाही' हे उत्तर दहा प्रश्नांना द्यावे लागले तर ते अर्थातच तयारीचे अपयश होय. दोन-तीन प्रश्नांना दिले तर त्याने बिघडत काही नाही.

पुस्तक वाचायला घेताना भरलेल्या अर्जाची एक प्रत आणि एक कोरी वही शेजारी असू द्यावी; प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेले प्रश्न त्या अर्जातील शब्दांना लावून पाहायचे आहेत, आणि उत्तरे वाचकाने स्वतःच्या शब्दांत लिहायची असल्याने तयार उत्तरे पुस्तकात कोठेही दिलेली नाहीत.